निमोण्याचा तिसरा कॉलम

शिरूर, रविवार, १२ जानेवारी २०२५

स्टीफन दाजी,

सलाम.

हातोडीचा एक ठोका खरं केवढ्याला पडला, याची आज उपासनेत बसल्या बसल्या मी मनात यादी केली. (पाळकसाहेब प्रवचन लांबवत होते, दोष त्यांचा.) नऊ नाताळ. माझ्या भाचीचं, जस्मिनचं लग्न, जे मी दौंडच्या चर्चबाहेर गाडीच्या काचा खाली करून नुसतं ऐकलं. कुठलं गीत चालू झालं त्यावरून ओळखायचो, आता अंगठ्या घातल्या, आता सह्या झाल्या. दबोराताईच्या हातच्या करंज्या, ज्या ती दर नाताळला एसटीत कुणा ओळखीच्या बाईकडे देते आणि ज्यांचा शिरूरला येईपर्यंत भुगा झालेला असतो. आमच्या आईच्या पेटीला आपण दोघांनी समोरासमोर खांदा दिला आणि कब्रस्तानापर्यंत एकमेकांकडे पाहिलं नाही, तेही धरा. हातोडी पाव किलोची होती.

ठोका खरा की खोटा हा विषय वेगळा. निमोण्यात हौसरावांच्या कांद्याच्या गोदामावर तुम्ही ओतलेल्या तिसऱ्या कॉलमला मी हातोडी लावली आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "ह्यो पोकळ हाय." तुम्ही थापी-ओळंबा पिशवीत टाकून फाट्याकडे चालू लागलात. माझं म्हणणं इतकंच, की चारचौघांत बोलायला नको होतं. बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. ज्यांच्या हाताखाली मी घमेली उचलली त्यांचा तेवढा मान होता. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून कागदावर लिहितोय.

आता मुद्दा. जस्मिनला पाचवा महिना आहे हे मला कळलं. कुणाकडून ते विचारू नका, माझे कान तुम्हाला माहीत आहेत. तुमच्या दोन खोल्यांत मधे पडदा लावून ती आणि ब्लेसन राहतात, हेही कळलं. बाळ आलं की ब्लेसन तिला घेऊन शिक्रापूरला कंपनीजवळ भाड्याच्या खोलीत जाणार म्हणतो. त्याचंही चूक नाही, सासऱ्याच्या घरी पडद्याआड किती दिवस काढायचे? पण गेल्या पावसाळ्यात ताईच्या छातीत दुखलं तेव्हा जस्मिन घरात होती म्हणून निभावलं. नर्स पोरगी घरातून गेली की तुम्ही दोघंच.

वर एक खोली हवी. आणि ती लोखंडाच्या सांगाड्यातच व्हायला हवी.

ऐकून घ्या. तुमचं घर काळ्या मातीवर. उन्हाळ्यात ती फाटते, पावसात फुगते. त्या भिंतींवर आणखी एक स्लॅब चढवला तर त्या बसतील, हे तुम्हाला माझ्याआधी कळतं. शिवाय स्लॅब म्हणजे खाली घरभर टेकू लावा, पंधरा-वीस दिवस पाणी मारा. ताईनं स्वयंपाक कुठं करायचा? लोखंडाचं तसं नाही. घराच्या बाहेरून सहा खांब. खोली त्या खांबांवर, तुमच्या भिंतींवर चिमणीएवढंही ओझं नाही. सगळं शिक्रापूरच्या माझ्या शेडमध्ये कापून, भोकं पाडून, रंग लावून आणायचं आणि दौंडला नुसते बोल्ट आवळायचे. वजन काँक्रीटच्या निम्म्याहून कमी. उद्या रस्तारुंदी आली तर बोल्ट सोडा आणि खोली ट्रकात घालून दुसरीकडे न्या. स्लॅब कुणी नेलाय कधी?

चार दिवस, दाजी. सोमवारी चालू, गुरुवारी खलास. शुक्रवारी जस्मिननं वरच्या खिडकीत उभं राहून केस विंचरावेत. हे बोलत नाही, लिहून देतो.

काम माझ्या देखरेखीखाली होईल. शेडमध्ये दोनशे बोल्ट आवळलेले असले तरी मी पान्यानं वाजवत जातो आणि ढिला कुठला ते सांगतो. कामगार मला 'कानाचा मिस्त्री' म्हणतात. या कानानं मला आजवर दगा दिलेला नाही.

तुमचा मेव्हणा,
दानिएल

शिरूर, रविवार, २ फेब्रुवारी

दाजी, सलाम.

तीन आठवडे झाले. उत्तर नाही, पण पत्र परतही आलं नाही. जस्मिनला फोन केला.

"पप्पांनी वाचलं का गं?"

"दोनदा, मामा."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पत्र्याची घरं कोंबड्यांना करत्यात."

"आन् मग?"

"मग घडी घालून बायबलात ठेवलं."

"कुठल्या पुस्तकात?"

"ईयोबाच्या."

म्हटलं बरं झालं, विलापगीतात नाही ठेवलं.

तर कोंबड्यांचं उत्तर. मी पत्र्याची शेड म्हणत नाही. खांब आणि गर्डर लोखंडाचे, त्यांवर पन्हाळीचा जाड पत्रा, आणि त्यावर चार इंच काँक्रीट. चालताना पायाखाली तुमचंच काँक्रीट लागेल. भिंती हलक्या ब्लॉकच्या. बाहेरून प्लास्टर केलं की आत लोखंड आहे हे शेजाऱ्यालाही कळणार नाही.

मी विकायला आलोय म्हणून गुणच सांगेन असं समजू नका. लोखंडाला गंज येतो. तीन वर्षांनी रंग द्यायलाच लागतो, आळस केला की खाल्लंच समजा. आगीत ते मऊ पडतं, म्हणून वर गॅस ठेवू देणार नाही. उन्हात तापतं. आणि थोडं हलतं. कुणी धावलं की खाली कळेल. पण हलतं म्हणून मोडत नाही. तुमच्या दौंडला दिवसभर मालगाड्या जातात, तुमच्या प्लास्टरला त्याच्याच तर चिरा आहेत. (कुणी सांगितलं विचारू नका.)

परवा ब्लेसननं मला शिक्रापूरची खोली दाखवायला नेलं. चौकापासून हाकेच्या अंतरावर, तिसरा मजला. ट्रक गेला की मांडणीतली भांडी आपोआप वाजतात. घरमालक म्हणाला, "सवय व्हती हो आठ दिवसांत." मी ब्लेसनला म्हणालो, "बाळाला कोण सांगणार, आठ दिवस थांब म्हणून?" तो बिचारा एप्रिलपर्यंत ठरवतो म्हणाला. गरीब स्वभावाचा आहे. तुमच्यासमोर बोलताना त्याचा आवाज अर्धा होतो, हे माझ्या कानावर आहे.

एक विचारायचं राहिलं. जस्मिनशी बोलताना मागे टकटक ऐकू येत होती. थांबून थांबून. हातोडीची नव्हे, बोटाच्या पेराची. घरात टाईल बसवताय वाटतं? पोकळ बसलीय का बघत होतात ना? बघा, दौंडची टकटक मी शिरूरला बसून ओळखली.

दानिएल

शिरूर, रविवार, २३ फेब्रुवारी

दाजी,

न विचारता तुमच्या घरी येऊन गेलो. तुम्ही पाटसला प्लास्टरच्या कामावर होतात, ते माहीत करूनच आलो. ताईवर रागावू नका, तिला मी बस दौंडात आल्यावर फोन केला.

बाहेरून टेप लावून मापं घेतली. ताईनं टेपचं दुसरं टोक धरलं. नऊ वर्षांत तिचे केस किती पांढरे झालेत, दाजी. मला म्हणाली, "दान्या, पोट सुटलंय तुझं."

"शेडचा मालक हाय म्या आता. पोट नसल्यावर मालक कोण म्हणंल?"

"वेल्डिंग करणारा म्हणंल. तवा बरा दिसायचास."

मग चहा झाला. मी तिला नकाशा दाखवत होतो: इथं खांब, इथं जिना, खाली इथं खड्डा खणून पाया. पाया म्हटल्यावर तिनं नकाशा बाजूला सारला.

"त्यांना न्हाई जमायचं," म्हणाली.

"लोखंड आवडत न्हाई म्हणून ना?"

"लोखंडाचं काय घिऊन बसलास! तुझ्या खांबाला खाली काँक्रीटच लागणार ना? त्ये आता काँक्रीट ओतत न्हाईत, दान्या. निमोण्यापास्नं न्हाई. प्लास्टर करत्यात, टाईल बसवत्यात. कुनी पायाचं काम घिऊन आलं की म्हणत्यात, वय झालं. पन्नाशीत वय झालं व्हतं व्हय त्यांचं?"

मी म्हणालो, मला वाटलं दाजी माझ्यावर रागावलेत.

"तुझ्यावर? तुझं नावसुदिक काढत न्हाईत. म्हणत्यात, पोरगं खरं बोललं. आपल्या हातानं पोकळ कॉलम निघाला, उद्या कुनाच्या डोक्यावर पडला असता. घरात हिंडताना भिंतीला बोटं वाजवत्यात. कान लावून ऐकत्यात. जस्मिन झोपती त्या भिंतीला तर रोज."

ती टकटक टाईलची नव्हती तर.

ताईनं हे मला सांगितलं आणि मी तुम्हालाच लिहितोय, म्हणजे तिची चहाडीच झाली. पण तुमच्यापासून आणखी एक गोष्ट लपवायची माझ्यात जागा नाही.

निघताना तिनं मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर देणं झालं नाही, तीनची एसटी गाठायची होती.

तीनची एसटी पावणेचारला आली.

दानिएल

शिरूर, रविवार, ९ मार्च

दाजी,

एक तोडगा काढलाय. पायाचं काम तुम्ही करू नका. दौंडचाच दत्ता गवंडी आहे, तुमच्याच हाताखाली तयार झालेला. तो पाये भरेल, मी वरचं करेन. तुम्ही खुर्ची टाकून बसा. माझी मापं तयार आहेत, शेडमध्ये खांबांखालच्या प्लेटांना भोकंही पाडून ठेवलीत. तुम्ही नुसतं हो म्हणा.

सगळ्यांचं भलं होईल. घाईत आहे.

दानिएल

शिरूर, रविवार, २३ मार्च

दाजी,

या पत्राला सलाम लिहिण्याचा मला हक्क नाही, म्हणून लिहीत नाही.

तुमचा 'हो' मिळाला. गुरुवारी दत्ता शिक्रापूरला शेडवर आला, माझ्याकडून मापं न्यायला. पिशवीतून पहिल्यांदा त्यानं तुमचा पितळी ओळंबा काढला.

"ह्यो कुठनं आणलास?" मी विचारलं.

"स्टीफनमामांनी दिला. म्हणाले, घराचा पाया तू भरतुयास तर ह्योबी तूच ठेव. मला आता कशाला?"

दत्ता खुशीत होता. तुमच्यासारख्या माणसाचा ओळंबा मिळाला म्हणून. मी एकोणीस वर्षांचा असताना तोच ओळंबा तुम्ही माझ्या हातात दिला होता आणि म्हणाला होतात, दोरा हलायचा थांबेस्तोवर बोलू नकोस. मला त्याच्याकडे बघवेना. मी दत्ताला म्हटलं, मापं नेऊ नकोस, चार दिवस थांब.

मी काढलेला तोडगा माझ्या सोयीचा होता. तुम्हाला खुर्चीवर बसवलं की मला बोलावं लागणार नव्हतं. आता बोलतो.

तुम्ही निमोण्याच्या फाट्याकडे निघून गेलात, त्यानंतरचं तुम्हाला कुणी सांगितलं नाही. हौसरावांनी दोन माणसं लावली, छिन्नी आणि घण घेऊन. म्हणाले, पोकळ हाय तर फोडून टाका. मी शेजारी उभा होतो. पहिल्या पंधरा मिनिटांत मला कळलं. छिन्नी आत जाईना. पोकळ कॉलम असता तर घणाखाली ढपले पडले असते. हा कणाकणानं निघत होता. सकाळी दहाला धरलेलं काम तीनला संपलं. आतमध्ये खडी अशी बसलेली होती, डाळिंबात दाणे बसतात तशी. एका जागी बोट घालायला फट नव्हती.

कॉलम भरीव होता, दाजी. त्या गोदामावर त्याच्याइतकं चांगलं काम दुसरं कुठलं नव्हतं.

मग तो बद्द का वाजला? तुम्ही सोमवारी ओतला होता, मी शनिवारी हातोडी मारली. सहा दिवसांचा कॉलम, फळ्या नुकत्याच काढलेल्या, आतून ओला. ओलं काम बद्दच वाजतं. हे मला कुणी शिकवलं होतं? तुम्हीच. "हिरव्या कामाला कान लावू नगं, त्ये खोटं बोलतं," हे तुमचे शब्द. ते मला छिन्नीचा आवाज ऐकताना आठवले. हातोडी मारताना आठवले नाहीत, कारण तेव्हा माझं सगळं लक्ष, हौसराव माझ्याकडे बघतायत का, याच्याकडे होतं.

हौसराव म्हणाले, "आता रं? ह्यो तर चांगला निघाला." मी काय म्हणायला हवं होतं? मी पळत फाट्यावर जाऊन तुम्हाला परत आणतो, असं. मी म्हणालो, "शेठ, फुटला तर फुटला. बाकीचं लोखंडात करू. लवकर व्हईल." त्यांना घाई होती, कांदा यायचा होता. ते हो म्हणाले. सहा खांब, छपराच्या चार कैच्या, माझं पहिलं मोठं काम. शिक्रापूरची शेड त्याच्यावर उभी राहिली. पुढे लोक कॉलमचं विचारायचे तर मी हसून म्हणायचो, "कानाला कळलं." तेवढ्यावर माझं नाव झालं.

तुम्ही रागावून बसलाय असं मी स्वतःला नऊ वर्षं सांगत आलो. रागावलेला माणूस मला परवडत होता. पण तुम्ही माझं खरं मानून स्वतःच्या हातांवरचा विश्वास सोडलात, हे मला ताईनं सांगेपर्यंत माहीत नव्हतं. आणि सांगितल्यावरही मी दत्ताचं नाव पुढे केलं. ताईनं निघताना विचारलं होतं, "खरंच पोकळ व्हता का रं त्यो?" मी घड्याळ बघितलं होतं.

चारचौघांत बोललो होतो, म्हणून काल चारचौघांत फेडायला निमोण्याला गेलो. हौसराव आता थकलेत, पण शुद्धीत आहेत. गोदामासमोर तेव्हा रंगुबाई चहा विकायची, अजूनही विकते. तिच्या बाकड्यावर सात-आठ जण होते. मी उभा राहून सांगितलं: "स्टीफन मिस्त्रीचा कॉलम चांगला व्हता. मी खोटा ठरवला. खोटा मी व्हतो."  हौसराव कांद्याच्या पोत्यांकडे बघत राहिले. त्यांनाही माहीत होतं ना. मग रंगुबाई म्हणाली,

"नऊ वर्सं लागली व्हय रं तुला? कॉलम फोडाया तर अर्धाच दिस लागला व्हता."

तिनं मला चहा दिला नाही. मी मागितलाही नाही.

ओळंबा दत्ताकडून परत पाठवतोय. तो तुम्ही घ्या किंवा विहिरीत टाका. माझ्या लोखंडाला तुमचा पाया मिळाला तर मिळाला. नाही मिळाला तरी भिंतीला बोटं वाजवणं थांबवा, दाजी. तुमच्या घरात काही पोकळ नाही.

दानिएल

शिरूर, रविवार, ३० मार्च

दाजी,

तुमची चिठ्ठी दत्तानं दिली. चौथीच्या वहीचा कागद, त्यावर तुमचं अक्षर: 'मुरूम पाच फुटांवर लागंल. खड्डे चार बाय चार. बोल्ट माझ्या मापानं बसतील. उद्या सकाळी सात.'

बाकी एक शब्द नाही. मी कागद उलटा करून पाहिला, मागे कुणाचा तरी पाढा होता.

खांबांचा हिशोब या वेळी इंजिनिअरकडून करून घेतलाय. माझ्या कानावर काही ठेवलेलं नाही.

हे दत्ताच्याच हाती देतो. उद्या सातला पोहोचतो.

दानिएल

शिरूर, रविवार, १ जून

स्टीफन दाजी,

सलाम.

काल निघताना तुम्ही म्हणालात, "पत्रं समदी ईयोबात ठिवल्यात. पहिल्या पत्रात एक गोष्ट खोटी राहिलीय, ती दुरुस्त करून पाठीव." मी म्हटलं, तोंडी सांगतो. तुम्ही म्हणालात, "लिहून दिलीयस, लिहूनच दुरुस्त कर." ताई हसून आत गेली. म्हणून हे पत्र.

चार दिवस म्हणालो होतो. त्याचा खुलासा असा.

३१ मार्चला खड्डे धरले. मुरूम पाच फुटांवर लागेल म्हणाला होतात, तो पाच फूट दोन इंचांवर लागला. हे तुमच्या बाजूनं लिहितो. ७ एप्रिलला तुम्ही पाया ओतला. नऊ वर्षांनी तुम्ही काँक्रीटमध्ये सळई खुपसून हलवत होतात आणि दत्ता, ब्लेसन, मी तिघंही हातातलं काम सोडून बघत होतो, तेव्हा तुम्ही आमच्याकडे न बघता म्हणालात, "टेप नीट धर की, दानिएल." तेवढंच. आज्ञा होती की माफी होती, माझ्या कानाला काही कळलं नाही. मी टेप नीट धरला.

पाया ओतल्यावर बाराव्या दिवशी मी म्हटलं, आता खांब उभे करू. तुम्ही म्हणालात, "एकवीस." मी म्हटलं, लोखंड हलकं असतं, चालतं लवकर. तुम्ही म्हणालात, "सहा दिवसांच्या कामाला हात लावून एकदा बघितलंस. आता एकवीस." मधे ईस्टर आला. तुम्ही उपासनेला माझ्या शेजारी बसलात आणि गीताचं पुस्तक मधे धरलंत. ताई दोन ओळी पुढं बसली होती. तिनं वळून पाहिलं नाही, पण तिचं गाणं मधेच थांबलं ते मला ऐकू आलं.

२९ एप्रिलला हायड्रा क्रेन आली, खांब उचलला, पायावर ठेवला आणि पायात रोवलेले बोल्ट प्लेटच्या भोकांत जाईनात. बारा मिलिमीटरचा फरक. सहाच्या सहा प्लेटांना. मी लगेच म्हणालो की बोल्ट सरकले असतील, काँक्रीट ओतताना सरकतात. तुम्ही ओळंबा सोडला, दोरा थांबेपर्यंत उभे राहिलात, मग टेप लावून दाखवलात. बोल्ट जागेवर होते. फेब्रुवारीत मी तुमच्या प्लास्टरवरून मापं धरली होती आणि प्लास्टर सगळीकडे सारख्या जाडीचं नाही हे विसरलो होतो. तुम्ही पायासाठी प्लास्टर खरवडून विटेवरून धरली होती. हायड्रावाला यूपीचा, तो म्हणाला, "मिस्त्रीजी सही हैं, सेठ." तुम्ही म्हणालात, "लोखंड ताणून बघ, बसतंय का." चार घरं सोडून लोक हसले. मीही हसलो. प्लेटा शिक्रापूरला परत गेल्या, कापून नव्या लावल्या, भोकं नव्यानं पाडली. आठ दिवस गेले.

मग ७ मेला खांब बसले. उभारणीला तीन दिवस लागले, दाजी. चार नाही, तीन. खाली ताई भाकरी थापत होती आणि तिच्या डोक्यावर दोन टनाचे गर्डर जागेवर बसत होते, एक टेकू न लावता. हे लोखंडाचं श्रेय आहे, ते मी कुणाला देणार नाही. तुम्हीही वर जाऊन गर्डरवर टाच आपटून पाहिलीत. म्हणालात, "हलतं." मी म्हणालो, "हलायलाच पाहिजे." तुम्ही परत आपटलीत आणि म्हणालात, "बरं हलतं." ते मी प्रशस्तीपत्र समजून ठेवलंय.

ब्लेसननं शिक्रापूरच्या खोलीला नाही म्हणून कळवलं, ते त्याच संध्याकाळी. तुमच्यासमोर सांगितलं, आणि आवाज पूर्ण होता.

मग ब्लॉक, मग प्लास्टर. प्लास्टरला दत्ताचा हात तुम्हाला पसंत पडला नाही, म्हणून अर्धी भिंत उतरवून परत केलीत. मग खिडकी. मग जिना, जो मी विसरलो होतो. नकाशात होता, शेडमध्ये कापलाच नव्हता. शिडीनं चढत होतो ना आपण सगळे, कुणाच्या लक्षात आलं नाही, बाळंतीण शिडीनं कशी चढेल.

तर दुरुस्ती, तुमच्या सांगण्याप्रमाणे, लेखी:

उभारणी तीन दिवस. बाकी बावन्न. जिना शनिवारी, २४ मेला लागला. जस्मिनची मुलगी त्या दिवशी बारा दिवसांची होती.

दानिएल